मदतनिसाचे हात : दातांच्या दवाखान्यातील संसर्ग-सुरक्षेचा इतिहास

१/
जळकोटसारख्या तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात दोन माणसांचे हात राबत असतात : एक डॉक्टरांचे, दुसरे मदतनिसाचे. दात निघतो, रुग्ण कापसाचा बोळा दाताखाली धरून उठतो, डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळतात. रक्ताळलेला चिमटा, वापरलेली सुई आणि थुंकीचे भांडे मदतनिसाकडे येते. वैद्यकाच्या इतिहासात पहिल्या हातांची नावे ठळक अक्षरांत नोंदलेली आहेत. संसर्गाचा इतिहास वाचताना मात्र पुन्हा पुन्हा दुसरे हातच समोर येतात.

२/
जळकोटचा परिसर इतिहासप्रेमींना उदगीरच्या १७६० च्या लढाईमुळे परिचित आहे. पुढे हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात राहिला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला, १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये जळकोट स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे या गावाला दोन राजधान्या लाभल्या : आधी हैदराबाद, नंतर मुंबई. दवाखान्यातील हातांच्या सुरक्षेच्या इतिहासात या दोन्ही शहरांचा वाटा आहे.

३/
दंतवैद्य येण्यापूर्वी दात दुखला की गावाकडे लवंग, मीठ-हळद, नाहीतर वैदू. आठवडी बाजारात बसणारे वैदू जडीबुटी विकत, तुंबडी लावून रक्त काढत आणि हलणारा दातही उपटून देत. दातातला किडा बाहेर काढून दाखवणारे फिरस्तेही असत. एकाच अवजाराने दिवसभरात किती जणांचे दात निघत, याची नोंद कोणी ठेवली नाही. अवजार पुसले की स्वच्छ झाले, हीच त्या काळाची समजूत. युरोपातील जत्रांमध्ये दात उपटणाऱ्यांचीही समजूत वेगळी नव्हती.

४/
दातातल्या किड्याची कल्पना फार जुनी. बॅबिलोनच्या मृत्तिकापट्टांवर ती आढळते. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ नावाचा दंतरोग वर्णिलेला आहे आणि दातांवरील किटण खरवडण्यासाठी ‘दंतशंकू’ नावाचे शस्त्रही सांगितले आहे. १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशार यांनी आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना अमान्य केली. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया याच ग्रंथाने घातला, असे मानले जाते. किडा गेला, पण दातात खरोखर सजीव काही असते का, हा प्रश्न उरलाच.

५/
त्याचे उत्तर खरे तर आधीच मिळालेले होते. १६८३ मध्ये हॉलंडच्या अँटनी फान लेव्हनहुक यांनी स्वतःच्या दातांवरील पांढरे किटण भिंगाखाली पाहिले आणि त्यात वळवळणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पुढे दोनशे वर्षांनी, १८९० मध्ये, बर्लिनमध्ये काम करणारे दंतवैद्य विलोबी मिलर यांनी मुखातील सूक्ष्मजंतूंवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तोंड हे जंतूंचे घर आहे, हे आता शास्त्राने मान्य केले होते.

६/
मिलर यांचे लक्ष रुग्णाच्या दाताकडे होते. त्या तोंडात दिवसभर बोटे घालणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न मागेच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या बोटांवर उपदंशाचे व्रण उठल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वाढू लागल्या. त्यात दंतवैद्यही होते. रुग्णाच्या ओठावरचा न ओळखलेला व्रण आणि नखाजवळचा छोटासा चरा, एवढे पुरेसे असे. पुढे बोटांवर उठणाऱ्या नागिणीसारख्या वेदनादायी फोडांची ओळख पटली. तो विषाणूही रुग्णाच्या तोंडातूनच येत होता.

७/
हातमोज्याचा जन्म मात्र जंतूंच्या भीतीतून झालाच नाही. १८८९ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन ही परिचारिका शस्त्रक्रियागृहात काम करत असे. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या द्रावणाने तिच्या हातांची त्वचा सोलवटून निघे. शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. हातमोज्याची ही कथा बहुधा प्रेमकथा म्हणूनच सांगितली जाते.

८/
प्रेमकथेआड एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. शस्त्रक्रियागृहातील तो पहिला मोजा मदतनिसाच्या हातांच्या रक्षणासाठी बनला होता. दहा वर्षांच्या आतच त्याचा हेतू बदलला. हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले की, मोजे घातल्याने रुग्णांच्या जखमा चिघळण्याचे प्रमाण घटते. मोजा रुग्णाचा झाला. मोठ्या शस्त्रक्रियांत तो रूढ झाला, पण दंतवैद्य पुढची ऐंशी-नव्वद वर्षे उघड्या, ओल्या बोटांनीच काम करत राहिले.

९/
याच सुमारास, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महिन्याभरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. जंतूंशी रोज गाठ पडणाऱ्या माणसाचे संरक्षण कसे करायचे, हा प्रश्न या साथीने महाराष्ट्रासमोर उभा केला. दंतवैद्यकाने पुढे गिरवलेले अनेक धडे मुळात प्लेगचे आहेत.

१०/
पहिला धडा पुण्याजवळ मिळाला. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले. त्यांनाच प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या हाती ना पदवी होती ना शस्त्र. त्या रुग्णाला उचलणाऱ्या होत्या. संसर्गाच्या दृष्टीने रुग्णाच्या सर्वांत जवळ असतो तो उचलणारा, पुसणारा आणि धुणारा.

११/
दुसरा धडा मुंबईच्याच जंतूंनी व्हिएन्नात दिला. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाचे एक वैद्यकीय पथक प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले आणि परतताना जंतूंचे नमुने घेऊन गेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये तेथील प्रयोगशाळेचा सेवक फ्रांझ बारिश प्लेगने दगावला. प्रयोगाच्या प्राण्यांची देखभाल त्याच्याकडे होती. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हेर्मान म्युलर काही दिवसांतच गेले. मागोमाग त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बिने पेखा हीही गेली.

१२/
या तीन मृत्यूंचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. म्युलर हे मुंबईत प्रत्यक्ष प्लेगच्या रुग्णांत वावरून सुखरूप परतले होते. जंतूंचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. बारिशचे काम झाडलोटीचे आणि पिंजऱ्यांचे. धोक्याचे ज्ञान एका माणसाकडे आणि धोक्याचा स्पर्श दुसऱ्याच्या हाती, अशी ती वाटणी होती. ज्ञान खालच्या पायरीपर्यंत उतरले नाही, तर रोग वरच्या पायरीपर्यंत चढतो, हे व्हिएन्नाने तीन आठवड्यांच्या आत पाहिले.

१३/
तिसरा धडा एका चिमट्याचा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना हाफकिन यांची प्लेगची लस टोचण्यात आली. लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतून आलेली होती. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. उरलेल्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

१४/
दोष प्रथम हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे साक्षींतून वेगळेच चित्र उभे राहिले. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या द्रावणात खळबळला आणि त्यानेच बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे कडक कवचाचे बीजाणू अशा घाईच्या आंघोळीने मरत नाहीत. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले.

१५/
मुल्कोवालची घटना बहुतेक वेळा हाफकिन यांच्यावरील अन्यायाची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण तिच्यातील त्या मदतनिसाला बीजाणू म्हणजे काय हे कोणी समजावले होते का? द्रावणात बुडवलेले अवजार निर्जंतुक झाले, असे त्याला वाटले यात नवल नव्हते. नंतर कितीतरी दशके दातांच्या अनेक दवाखान्यांतही ट्रेमधील लालसर-पिवळ्या द्रावणात चिमटे बुडवून ठेवण्याची रीत होती. चिमटा बुडवला की मन निश्चिंत होते, बीजाणू मात्र जिवंत राहतात.

१६/
बीजाणूंवर खरा उपाय उष्णता, तीही दाबाखालची. पाणी १०० अंशांना उकळते आणि त्या तापमानाला अनेक बीजाणू तग धरतात. दाब वाढवला की वाफेचे तापमान चढते. याच तत्त्वावर पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह बनवला. घरातला प्रेशर कुकर त्याच घराण्यातला. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे वाफ लागली की बीजाणूही मरतात. अट एकच : अवजार आधी नीट धुतलेले हवे. वाळलेल्या रक्ताखाली जंतूंना आडोसा मिळतो. आणि धुणारे हात पुन्हा मदतनिसाचेच.

१७/
मुखपट्टीही प्लेगनेच दिली. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ पसरली. डॉ. वू लिएन-ते यांनी ओळखले की, हा रोग श्वासातून पसरतो आणि त्यांनी कापूस व जाळीदार कापडाची पट्टी वैद्यकीय कर्मचाऱ्यांना बांधायला लावली. फ्रेंच डॉक्टर जेराल्द मेनी यांना हे मत पटले नाही. मुखपट्टीविना ते रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांत मरण पावले. हात, अवजार आणि श्वास या तिन्ही वाटा १९११ पर्यंत माहीत झाल्या होत्या.

१८/
भारतात शिक्षित दंतवैद्य तयार होऊ लागले ते याच काळात. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात दंत महाविद्यालय स्थापन केले. आजच्या नायर दंत महाविद्यालयाचा प्रारंभ मुंबईत १९३३ मध्ये झाला. मार्च १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा झाला. जळकोटवर तेव्हा निजामाची सत्ता होती. संस्थान भारतात सामील झाले सप्टेंबरमध्ये. या कायद्याने तिघांची नोंदणी ठरवली : दंतवैद्य, दंत-स्वच्छतातज्ज्ञ आणि दात-कवळ्या घडवणारे तंत्रज्ञ. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनिसासाठी त्यात वेगळी नोंदवही नव्हती.

१९/
दरम्यान दंतवैद्यकाची अवजारे बदलत गेली आणि प्रत्येक सोयीबरोबर एक जोखीमही आली. बधिर करणाऱ्या इंजेक्शनमुळे वेदना संपली. स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालेले लिडोकेन जगभर पोहोचले. पण दात बधिर करताना एकाच रुग्णाला दोन-तीनदा टोचावे लागते. मधल्या वेळात सुईवर टोपण चढवले जाते आणि नेमके त्या क्षणी ती दुसऱ्या हाताच्या बोटात घुसते. काचेच्या सिरिंजा व जाड सुया उकळून पुन्हा वापरण्याच्या काळात धुताना टोचणेही नेहमीचेच होते.

२०/
१९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बोर्डन यांचे हवेवर चालणारे वेगवान ड्रिल बाजारात आले. आपल्याकडे ते ‘एअरोटर’ याच नावाने रुळले. मिनिटाला सुमारे ३ लाख फेरे घेणाऱ्या या यंत्राला थंड ठेवण्यासाठी पाण्याचा फवारा लागतो. त्या फवाऱ्यात लाळ, रक्त आणि जंतू मिसळून हवेत तरंगतात. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लेक यांनी दाखवले की, खुर्चीच्या बारीक नळ्यांतील पाण्यातही जंतू वाढतात. ड्रिलचा तुषार डॉक्टर आणि मदतनीस दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच येतो.

२१/
पण खरा घातक शत्रू अजून अनोळखी होता. रक्तातून पसरणारी एक कावीळ डॉक्टरांना माहीत होती, तिचा विषाणू सापडत नव्हता. १९६५ मध्ये बारुख ब्लूमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात आढळलेल्या अनोळखी प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव दिले. ते कशाचे आहे, हे मात्र त्यांनाही तेव्हा उमगले नव्हते. तो उलगडा व्हायला एका मदतनिसाला आजारी पडावे लागले.

२२/
फिलाडेल्फियातील त्यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर ही तंत्रज्ञ रोज रक्ताचे नमुने हाताळत असे. १९६७ मध्ये तिला अशक्तपणा जाणवू लागला. तिने स्वतःचेच रक्त तपासले. आधी नसलेले ते प्रथिन आता त्यात दिसत होते. पाठोपाठ तिला कावीळ झाली. ऑस्ट्रेलिया अँटिजेन आणि काविळीचा संबंध जुळवणारा तो एक निर्णायक दुवा ठरला. ती सुदैवाने बरी झाली. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रोगाला आज हिपॅटायटिस बी म्हणतात.

२३/
रक्तचाचणी हाती येताच दंतवैद्यकाला धक्का बसला. अमेरिकेतील पाहण्यांत दंतवैद्यांमध्ये या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सर्वसाधारण लोकांच्या कित्येक पट आढळल्या. मुखशल्यचिकित्सकांमध्ये त्या आणखी अधिक होत्या. मदतनिसांनाही धोका होताच. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात तर एकाच मुखशल्यचिकित्सकाकडून ५५ रुग्णांना लागण झाल्याचा माग लागला. हा विषाणू वर्षानुवर्षे काहीही लक्षणे न दाखवता रक्तात राहू शकतो. उघडी बोटे दोन्ही दिशांनी धोकादायक ठरली.

२४/
मग तरी मोजे यायला हवे होते. ते आले नाहीत. मोज्यातून दाताचा स्पर्श कळत नाही, हा एक आक्षेप. रुग्णाला अपमान वाटेल, हा दुसरा. खर्च, हा तिसरा. १९८१ मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बीची पहिली लस मंजूर झाली. ती बाधित माणसांच्या रक्तद्रवापासून, विषाणू निष्प्रभ करून बनवत. ती महाग होती आणि तिचा उगम ऐकून अनेक आरोग्यकर्मी तिच्यापासून दूर राहिले. ज्ञान, मोजा आणि लस तिन्ही उपलब्ध होते, तरी हात उघडेच राहिले.

२५/
ते झाकले एड्सच्या भीतीने. जून १९८१ मध्ये या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत झाली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यकासाठी संसर्ग-नियंत्रणाच्या सूचना दिल्या आणि १९८७ मध्ये एक साधे सूत्र मांडले : प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित आहे असे समजूनच काम करावे. कोण ‘संशयित’ हे चेहऱ्यावरून ठरवण्याची गरज संपली. मोजा सर्वांसाठी झाला, म्हणून तो कोणाचाच अपमान राहिला नाही.

२६/
भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. तपास करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी हे नमुने गोळा केले होते. पुढे सुनीतीबाईंनी या रोगाइतकाच त्याच्या कलंकाशी लढा दिला. रोगाचे नाव कळताच उपचार नाकारणाऱ्यांची संख्या मोठी होती. भीती वाढली की माणूस खबरदारीपेक्षा नकार निवडतो, हे त्यांनी जवळून पाहिले.

२७/
१९९० मध्ये फ्लोरिडातील एका बाधित दंतवैद्याकडून रुग्णांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. पुढे असे सहा रुग्ण आढळले. विषाणू नेमका कसा पोहोचला, ते शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. अमेरिका हादरली. डिसेंबर १९९१ मध्ये तेथे रक्तजन्य रोगांबाबत कामगार-सुरक्षेचा नियम झाला. मोजे, चष्मा, सुयांसाठी वेगळा डबा हे सारे त्यात होतेच. सर्वांत मोलाचे कलम वेगळे होते : मालकाने आपल्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बीची लस विनामूल्य द्यावी. त्यात मदतनीसही आला.

२८/
लसीवर एवढा भर का, हे आकडे सांगतात. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस सीची सुमारे १.८ टक्के. हिपॅटायटिस बीची, रुग्णाच्या रक्तात विषाणू जोमात असेल आणि लस घेतलेली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. भीती एड्सची अधिक होती, धोका काविळीचा मोठा होता. आणि लस नेमकी त्याच रोगावर होती.

२९/
परदेशी लस मराठवाड्यातील एखाद्या मदतनिसाच्या पगारात बसणारी नव्हती. उत्तर जुन्या राजधानीतून आले. हैदराबादच्या वरप्रसाद रेड्डी यांनी शांता बायोटेक्निक्स ही कंपनी स्थापन केली. तिचे नाव त्यांच्या आईचे. जनुकीय तंत्राने यीस्टमध्ये बनवलेली हिपॅटायटिस बीची पहिली भारतीय लस या कंपनीने १९९७ मध्ये बाजारात आणली. तिची किंमत आयात लसीच्या लहानशा अंशाइतकी होती. इतर भारतीय कंपन्याही उतरल्या आणि भाव आणखी घसरले. २०११-१२ पर्यंत ही लस देशभरातील बालकांच्या लसीकरणात आली.

३०/
लस स्वस्त झाली, पण वापरलेली सुई जाते कुठे? १९९८ मध्ये भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आले. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीच्या साथीने अनेकांचे प्राण घेतले. मुळाशी वापरलेल्या सिरिंजा होत्या आणि तपासात अशा सिरिंजांचा भंगारातील व्यापारही उघड झाला. दवाखान्याच्या मागच्या दाराने बाहेर पडलेली सुई भंगार वेचणाऱ्या आणखी एका हातात जाते आणि पुढच्या दाराने परतही येऊ शकते, हे तेव्हा लख्ख दिसले.

३१/
२०१६ च्या नव्या नियमांनी रंग पक्के केले. सुया व पाती पांढऱ्या, छिद्र न पडणाऱ्या डब्यात. दूषित प्लास्टिक लाल पिशवीत. काच निळ्या खुणेच्या खोक्यात. काढलेले दात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. याच नियमांत एक वाक्य दडलेले आहे : असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातावरील लस देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. मुल्कोवालचा धनुर्वात आणि बार्बरा वर्नरची कावीळ दोन्ही एका ओळीत आल्या.

३२/
२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दोन टोके जोडली. बाधित रुग्णाला उपचार नाकारता येत नाही आणि बाधा होण्याचा मोठा धोका असलेल्या कर्मचाऱ्याला संरक्षणाची साधने, प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध मिळाले पाहिजे. रुग्णाचा हक्क आणि मदतनिसाचा हक्क एकमेकांविरुद्ध नाहीत. मोजे, मुखपट्टी आणि लस असलेल्या दवाखान्यात कोणाला परत पाठवण्याचे कारणच उरत नाही.

३३/
२०२० मध्ये कोविड आला आणि एअरोटरचा तुषार जगाच्या डोळ्यांत भरला. लाळ आणि तुषारांशी सतत संबंध असल्याने दंतवैद्यकाची गणना सर्वाधिक जोखमीच्या व्यवसायांत झाली. टाळेबंदीत तातडीचे उपचार सोडून बहुतेक दवाखाने थांबले. ते पुन्हा उघडले तेव्हा चेहऱ्यावर पारदर्शक ढाली, खिडकीत पंखे, रुग्णाला आधी चूळ आणि दोन रुग्णांमध्ये अंतर दिसू लागले. लाटा ओसरल्यावर ढाली उतरल्या. क्षयरोगाचा रुग्णही त्याच खुर्चीत बसतो, हे मात्र विसरता येत नाही.

३४/
या साऱ्या इतिहासाचे सार चार-पाच कृतींत मावते. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा : पहिली, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. नंतर प्रतिपिंडांची तपासणी. अवजारे धुताना जाड मोजे. सुईचे टोपण एका हाताने, ट्रेवर ठेवलेलेच उचलायचे. सुई टोचलीच तर साबणाने धुणे, बोट न पिळणे, तोंडात न घालणे आणि शक्यतो दोन तासांत सरकारी रुग्णालय गाठणे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यायचे असते.

३५/
आज लातूर आणि नांदेडमध्ये दंत महाविद्यालये आहेत. तेथे शिकणाऱ्याला मुल्कोवालचा चिमटा ठाऊक नसला तरी ऑटोक्लेव्ह ठाऊक असतो. तालुक्याच्या दवाखान्यातील मदतनीस मात्र बहुधा काम करता करताच शिकतो, पाहून आणि विचारून. त्याने विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न सर्वांत आधीचा आहे : माझी लस झाली का? फ्रांझ बारिशला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. जळकोटमध्ये तो विचारता येतो. आणि त्याचे उत्तर देणे ही आता मेहेरबानी उरलेली नाही, दवाखान्यावरील कायदेशीर जबाबदारी आहे.